दंडातली बेडकी

बीपीटीएचच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सहाशेच्या वर स्नायू, पाठ कसे करायचे?" मीही सीनियरना हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, "तक्ता कर." केला. ओरिजिन (स्नायू कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे जोडला जातो), नर्व्ह सप्लाय (कोणता मज्जातंतू), ॲक्शन (काम), चार रकाने, भिंतभर. पहिल्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तो तक्ता जसाच्या तसा डोळ्यांसमोर होता, तरीही मी आपटले.

सरांनी विचारलं, "बायसेप्सचं काम?" मी म्हटलं, "कोपर वाकवणं."

"तळहात पालथा ठेवून वाकव. दुसऱ्या हाताने दंड चाचप."

बेडकी जेमतेम हलली.

"आता कोपर काटकोनातच राहू दे, आणि स्क्रू घट्ट पिळतेयस असं समजून तळहात वर फिरव."

बेडकीने टुणकन उडी मारली! बायसेप्स कोपर वाकवतो हे खरंच, पण तळहात पालथा असताना ते काम मुख्यतः त्याच्याखाली दडलेला ब्रेकिॲलिस करतो. हात पालथा केला की बायसेप्सची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) हाताच्या रेडियस हाडाभोवती गुंडाळली जाते. जाळी ओढली की भोवरा फिरतो, तसंच हे. त्या दिवशी तक्ता भिंतीवरून काढला. (मसल हा शब्द लॅटिनमधल्या 'छोट्या उंदरा'वरून आलाय. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी.)

स्नायूंचे तीन प्रकार सगळे घडाघडा म्हणतात : अस्थिस्नायू, हृदयस्नायू, मृदुस्नायू. ते कळायला जेवताना एका घासाकडे लक्ष द्या. चावणं तुमच्या हातात, गिळायला सुरुवात करणंही. अन्ननलिकेच्या वरच्या भागात अस्थिस्नायू आहेत, मधल्या भागात सरमिसळ, खाली निव्वळ मृदुस्नायू. घास घशाखाली उतरला की तुमचं कुणी ऐकत नाही. हृदयाचा स्नायू या दोघांच्या मधला : सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिस्नायूसारखा पट्टेदार, पण तुमच्या इच्छेला विचारत नाही.

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीत, जाताना पुस्तकातला लालभडक रंग विसरून जा. तिथे सगळं मातकट तपकिरी असतं आणि देह टिकवणाऱ्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात. पण स्नायू धाग्यांचा बनलाय हे तिथेच पटतं. सुंभ उसवत जावं तसे जुडग्यातून तंतू निघतात. त्याच्या आतलं मात्र डोळ्यांना दिसत नाही. ॲक्टिन आणि मायोसिन हे बारीक तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे 1954 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मांडलं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून बघा. पकड सुटायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मेल्यावर ते संपतं, म्हणून प्रेत ताठतं. टेबलावरच्या देहाचा ताठरपणा मात्र फॉर्मलिनचा. व्हायवात इथे बरेच जण फसतात.

सार्टोरियस पाठ करू नका, मांडी घालून बसा. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. मांडीवरून तिरका उतरणारा हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू, आणि मांडी घालताना तो मदतीला असतो. पोटरीत गोळा आला तर कळवळत का होईना, पाऊल स्वतःकडे ओढा. पोटरीचा स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस ताणला जातो आणि त्याची ॲक्शन उलट्या बाजूने कायमची लक्षात राहते. पेशंट पुढे "शीर आखडली" म्हणून येतील, तेव्हा शीर म्हणजे बहुतेक वेळा हाच असतो.

घरच्यांनाही सोडू नका. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवलं की मधोमध एक दोरी उठते, ती पामारिस लाँगसची कंडरा. काहींच्या हातात हा स्नायू मुळातच नसतो, आणि नसला तरी काही अडत नाही. सर्जन तर दुसरीकडे बसवायला ही कंडरा काढून घेतात. आईला पोळ्या लाटताना थांबवून मी मनगट बघितलं. डाव्या हातात होती, उजव्यात नव्हती. "मग आता काय करायचं?" तिने घाबरून विचारलं. म्हटलं, "काही नाही, पोळी उलट."