आरसी हरवली, आरसीत चूक आहे, गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे: काम कुठून सुरू करायचं

आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. तुमच्या हातातलं तिचं स्मार्ट कार्ड म्हणजे आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीत असलेल्या नोंदीची छापील प्रत. नोंद चुकीची असेल तर कितीही वेळा नवीन कार्ड काढा, चूक तशीच छापून येणार. म्हणून डुप्लिकेट असो, दुरुस्ती असो की नावावर करून घेणं असो, कुठलाही फॉर्म भरण्याआधी नोंद उघडून बघा.

परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनसंबंधी सेवांमध्ये जाऊन गाडीचा नंबर आणि चेसी नंबरचे शेवटचे पाच अंक टाकले की नोंद दिसते. चार गोष्टी ताडून बघा: मालकाचं नाव आणि पत्ता, चेसी व इंजिन नंबर, बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून चढलेला आहे का, आणि थकलेले ई-चलान किंवा कर. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवरच जातो. जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा शोरूमवाल्याचा किंवा एजंटाचा नंबर जोडलेला सापडतो, तेव्हा पहिलं काम मोबाइल नंबर बदलून घेण्याचं.

जुन्या पुस्तकी आरसीच्या काही गाड्यांची नोंद ऑनलाइन सापडतच नाही. अशा वेळी मूळ पुस्तक, कर भरल्याची पावती आणि विमा घेऊन ज्या आरटीओत गाडी पासिंग झाली तिथे ‘बॅकलॉग एंट्री’साठी, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घेण्यासाठी, अर्ज करावा लागतो. नंबर एमएच १५ चा असेल तर नाशिकलाच. राहायला पुण्यात असलात तरी पुण्याचं कार्यालय नाशिकच्या रजिस्टरमधली नोंद चढवू शकत नाही.

हरवलेली किंवा फाटलेली आरसी

तिन्हींत सोपं काम हेच. फॉर्म २६ भरायचा. हरवली असेल तर पोलिसांकडची नोंद लागते. गहाळ कागदपत्रांची तक्रार महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते. चोरी असेल तर मात्र ठाण्यात जाऊन एफआयआरच करा, ‘गहाळ’ लिहून वेळ मारून नेऊ नका. फाटली असेल किंवा अक्षरं पुसली असतील तर पोलिसांचा प्रश्न नाही, मूळ कार्ड जमा करायचं. सोबत चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा.

गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म २६ वर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची संमतीही लागते. हा शिक्का नसल्यामुळे अर्ज सर्रास परत येतात.

फी केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणी फीच्या निम्मी असते. २०१६ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार खासगी दुचाकीची नोंदणी फी ३०० आणि मोटारीची ६०० रुपये, म्हणजे डुप्लिकेटला १५० आणि ३००. त्यावर स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च. एजंट याच कामाचे दोन-तीन हजार मागत असेल तर त्यातली सरकारी रक्कम किती, ते आता तुम्हाला माहीत आहे.

कार्ड स्पीड पोस्टाने नोंदीतल्या पत्त्यावर जातं. घर बदललं असेल आणि पत्ता जुनाच असेल तर ते परत आरटीओत येऊन पडतं. त्यामुळे पत्ताबदलाचा फॉर्म ३३ त्याच अर्जात जोडा. एका अर्जात एकापेक्षा जास्त सेवा निवडता येतात. नाहीतरी पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे बंधनकारकच आहे. आधारवर चालणारी फेसलेस सेवा घेतलीत तर आरटीओत जावं लागत नाही, पण आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळायला हवं. आरसीवर ‘एस. के. पाटील’ आणि आधारवर पूर्ण नाव असेल तर ही वाट बंद होते.

चुकीची दुरुस्ती

इथे घाई करू नका. आधी चूक कुठे शिरली ते शोधा, कारण त्यावरच पुरावा ठरतो. नवीन गाडीचा अर्ज फॉर्म २० वर होतो, शोरूम फॉर्म २१ वर विक्री प्रमाणपत्र देतं आणि उत्पादक फॉर्म २२ देतो. या तिन्हींच्या प्रती आणि बिल एकमेकांशेजारी ठेवा. तिन्हींवर बरोबर आणि नोंदीत चूक असेल तर चूक टायपिंगची, साध्या अर्जावर दुरुस्ती होते. फॉर्म २१ वरच चूक असेल तर आधी शोरूमकडून दुरुस्त प्रमाणपत्र आणि पत्र आणावं लागतं. त्याशिवाय खिडकीवर वाद घालून उपयोग नाही, कारण आरटीओने त्याच कागदावरून नोंद केलेली असते.

चेसी नंबरच्या चुकीत पेन्सिल प्रिंट निर्णायक ठरतं. दुचाकीत नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. मोटारीत तो मॉडेलप्रमाणे बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली कार्पेट बाजूला केल्यावर सापडतो. फडक्याने ग्रीस आणि धूळ पुसून घ्या. गंज असेल तर मऊ ब्रशने झटका, पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नका, कारण घासलेला नंबर म्हणजे छेडछाडीचा संशय. पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने हलकी फिरवा. अक्षरं पांढरी उमटतात. सगळी अक्षरं एकाच प्रिंटमध्ये आली पाहिजेत, दोन तुकडे जोडून दिलेलं प्रिंट निरीक्षक घेत नाहीत.

प्रिंट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १७ अक्षरांच्या चेसी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत. म्हणून गोल दिसलं तर ते शून्यच आणि उभी रेघ दिसली तर तो १ हा आकडाच. टायपिंगच्या चुका हमखास इथेच होतात, शिवाय आठ आणि बी, पाच आणि एस यांची अदलाबदल होते. अशी चूक असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा: नोंदीत अमुक स्थानावर ओ आहे, प्रत्यक्षात शून्य आहे, प्रिंट सोबत जोडलं आहे. गाडी तपासणीला दाखवावी लागते.

नावातल्या एका अक्षराची चूक ही दुरुस्ती. लग्नानंतर बदललेलं किंवा स्वेच्छेने बदललेलं नाव ही दुरुस्ती नव्हे. तिथे विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी लागते. आणि इंजिनच बदललं असेल तर ‘नंबर चुकलाय’ असा अर्ज करू नका. तो गाडीतला बदल आहे. नव्या इंजिनाचं बिल घेऊन ती प्रक्रिया वेगळी करावी लागते.

बोजा उतरवणं

शेवटचा हप्ता फिटला म्हणजे बोजा उतरला, असं पुष्कळजण धरून चालतात. बँक ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत देते. तो तुम्ही आरटीओत दिल्यावर नोंद बदलते. या पत्राची मुदत सहसा तीन महिन्यांची असते, कपाटात ठेवून दिलंत तर नव्याने मागावं लागेल. काही बँका आता बोजा ऑनलाइन उतरवतात, तरी नोंद स्वतः बघून खात्री करा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्रात दोन्ही नावांचा उल्लेख करून घ्या, नाहीतर नोंदीतलं नाव आणि शिक्क्यावरचं नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडतो.

गाडी नावावर करणं

विकणाऱ्याने सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत नाव असलेली व्यक्ती, मग गाडी प्रत्यक्षात चार हात पुढे का गेलेली असेना. पैसे मिळाले, किल्ली दिली, तरी नोंद बदलेपर्यंत ती जबाबदारी तुमचीच.

फॉर्म २९ म्हणजे विक्रीची सूचना, फॉर्म ३० म्हणजे नावावर करण्याचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाच्या हातात कधीही देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख तुमच्यासमोर भरली गेली पाहिजे. गाडी दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची डिलिव्हरी नोट आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. गाडी अधिकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला देत असाल तर फॉर्म २९-सी भरून ती सूचना पोर्टलवर चढल्याची पावती मागा. मगच तो विक्रेता जबाबदार धरला जातो.

अर्ज अडतात ते ठरावीक कारणांनी. विकणाऱ्याची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. विमा संपलेला असतो. चलान थकलेलं असतं. बोजा उतरलेला नसतो. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट, बसवलेली नसते. ही पाचही कारणं व्यवहाराआधी तपासा, कारण पैसे हातात पडल्यावर विकणाऱ्याचा फोन लागेलच असं नाही.

परराज्यातली गाडी असेल तर, समजा पणजीहून घेतलेली गाडी कोल्हापुरात वापरायची आहे, तर आधी गोव्याच्या आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर फॉर्म २७ भरून एमएच नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. गोव्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवायचा अर्ज वेगळा, तो तिथेच करायचा.

मालक वारले असतील तर फॉर्म ३१. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवलं तर वारस तीन महिने गाडी वापरू शकतो, आणि त्याच तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागते. नोंदीत नॉमिनी असेल तर काम बरंच हलकं होतं, म्हणून जिवंतपणीच तो लावून ठेवा. वडिलांची जुनी सही असलेला फॉर्म २९ वापरून परस्पर गाडी विकणं हा सरळ गुन्हा आहे. आधी वारसाच्या नावावर, मग पुढची विक्री.

नवं कार्ड आलं की पाकीट फेकण्याआधी नाव आणि चेसी नंबर प्रिंटशी ताडून बघा. विमा गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यायचा. जुना फास्टॅग विकणाऱ्याने बँकेकडून बंद करायचा, कारण एका गाडीला एकच टॅग चालतो आणि तो बंद होईपर्यंत घेणाऱ्याला नवीन मिळत नाही.