देवाने हाक मारली की लगेच कसं उठायचं

सगळ्यात आधी हाक ओळखायला शिका. बायबलमधल्या लहान शमुवेलला देवाने रात्री हाक मारली, तर तो तीनदा उठून एली याजकाकडे पळाला, त्याला आवाजच ओळखता येत नव्हता, मग एलीने सांगितलं तेव्हा कुठे चौथ्या वेळी बरोबर उत्तर दिलं. म्हणून शंका असेल तर पास्टरना किंवा मंडळीतल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, पण एकदाच, दहा जणांना विचारत बसलात की समजा तुम्हाला ते काम नकोच आहे (माझं असंच व्हायचं).

मग पहिली छोटी गोष्ट लगेच करून टाका. देवाने अब्राहामाला मुलाचं अर्पण करायला डोंगरावर जायला सांगितलं, तर तो पहाटे उठला, गाढवावर खोगीर घातलं, लाकडं फोडली, बायबलमध्ये उत्पत्ती 22:3 बघा, अख्खा डोंगर काही लगेच चढला नाही. भावाशी अबोला असेल तर सरळ नंबर लावा, भाषण तयार करू नका. मी आठ महिने "प्रार्थना करतोय" म्हणत फोन टाळला आणि शेवटी केला तर तो म्हणतो, "अरे, जेवलास का?"

आणि सगळं पटापट जुळतंय म्हणजे रस्ता बरोबर असं पण नाही हां, देवाने निनवेला जायला सांगितलं तेव्हा उलट दिशेला पळणाऱ्या योना संदेष्ट्याला याफो बंदरात तार्शीसला जाणारं जहाज आयतं उभं मिळालं होतं, भाडंसुद्धा भरलं त्याने.