रहिवास विभाग वाढवण्याच्या प्रस्तावावर हरकत किंवा सूचना कशी नोंदवावी : कोल्हापूरकरांसाठी

शेती विभागातील किंवा आरक्षणाखालील जमीन रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव महापालिका मांडते, तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार त्याची नोटीस राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, आणि हरकती व सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. ‘सूचना’ या शब्दात पाठिंबाही येतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे सुनावणीला विरोध करणारेच येतात आणि घर शोधणाऱ्यांचे म्हणणे नोंदीवर येतच नाही.

प्रथम जमीन कोणाच्या हद्दीत आहे ते पाहावे. हद्दवाढ रेंगाळल्यामुळे उचगाव, पाचगाव यांसारखी शहराला चिकटलेली गावे महापालिकेकडे नसून 2017 साली 42 गावांसाठी स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे आहेत, आणि प्रादेशिक योजनेतील बदल त्याच अधिनियमाच्या कलम 20 खाली होतो. बांधकाम नियमावलीतच बदल असेल तर तो शासन स्वतः प्रस्तावित करते. अशा वेळी अधिसूचनेत ज्या अधिकाऱ्याचे पदनाम दिलेले असते, त्याच्याकडेच अर्ज द्यावा.

त्यानंतर प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातील त्या जागेपुरता नकाशा) मिळवावा. अर्जात ‘आमच्या गल्लीजवळची जागा’ असे न लिहिता वॉर्डासह सि. स. नं. (सिटी सर्व्हे नंबर) अथवा रि. स. नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) लिहावा. कागदांसाठी माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत बसू नये, कारण उत्तराची 30 दिवसांची मुदत हरकतीची मुदत खाऊन टाकते. नकाशा नगररचना विभागात जाऊन समक्ष पाहणेच बरे.

खरा अभ्यास रस्त्याच्या रुंदीचा करावा. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेरच्या रहिवास विभागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) 1.1 आहे आणि त्यावर 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र (बाल्कनी, जिना यांसारख्या पूरक भागांसाठी) अधिमूल्य म्हणजे प्रीमियम भरून मिळते. म्हणजे 2,000 चौरस फुटांच्या प्लॉटवर 2,200 अधिक 1,320, असे 3,520 चौरस फूट, अर्थात सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडून तेवढे बसत असेल तर. प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा आणखी जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क) मात्र 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मिळत नाहीत. म्हणून ‘आता गल्लीत टॉवर उभे राहतील’ असे लिहिण्यापूर्वी रस्ता टेपने मोजावा आणि विकास आराखड्यातील रुंदीशी ताडून पाहावा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या दाट वस्तीसाठी नियमावलीत वेगळी तरतूद आहे, त्यामुळे वरचे गणित तिथे लावू नये.

दुसरी कसोटी पंचगंगेच्या पूररेषांची. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते; 2019 आणि 2021 असे दोन वर्षांच्या अंतराने महापूर पाहिलेल्या शहराने या व्याख्येवर किती विसंबावे, हा प्रश्न आहेच. प्रस्तावित जमीन निळ्या रेषेच्या आत असेल तर रहिवास विभागाला स्पष्ट हरकत घ्यावी. दोन्ही रेषांच्या मध्ये असेल तर जोत्याची उंची, भराव आणि पाण्याचा निचरा यांबद्दल अटी मागाव्यात, कारण एकाने टाकलेल्या भरावाचे पाणी शेजारच्याच्या घरात शिरते. याउलट, पूररेषेबाहेर, रुंद रस्त्यालगत, शहरातच घरे वाढणार असतील तर पाठिंब्याचे पत्र अवश्य द्यावे. ती वाट अडवली, तर वस्ती नदीकाठच्या उसाच्या रानात गुंठ्यागुंठ्याने पसरते आणि पुढे ती नियमित करण्यात सगळ्यांचीच वर्षे जातात.

अर्ज एका पानाचा असावा. नोटिशीचा क्रमांक व दिनांक, जमिनीचे वर्णन, हरकत की पाठिंबा, कारणे आणि नेमकी मागणी एवढे त्यात पुरे. कलम 37 खालील फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, ही कायद्याचीच अट आहे. मैदानाचे किंवा शाळेचे आरक्षण उठत असेल तर हा मुद्दा अग्रभागी मांडावा आणि पर्यायी जागा कोणती, असे विचारावे. छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा मोजमापे असलेले दहा वेगवेगळे अर्ज अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे. आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घ्यावी आणि ‘समक्ष सुनावणी मिळावी’ असे अर्जातच लिहावे.

सुनावणीत मोजके बोलून फोटो व नकाशाची प्रत लेखी म्हणण्यासोबत जोडून द्यावी. नंतर प्रस्ताव शासनाकडे जातो आणि तिथे तो फेरफारांसह मंजूर होऊ शकतो, त्यामुळे अंतिम अधिसूचना राजपत्रात मिळवून आपण मागितलेल्या अटी तिच्यात आहेत का, ते स्वतः तपासावे.