‘बाय’ की ‘टिल’? सगळा घोळ ‘पर्यंत’चा

इंग्रजीतल्या ‘बाय’चे बाकीचे अर्थ फारसे अडत नाहीत: ‘बाय द विंडो’ म्हणजे खिडकीजवळ, ‘बाय बस’ म्हणजे बसने (इथे मध्ये ‘द’ किंवा ‘अ’ घालायचा नाही). अडतं ते मुदतीपाशी. मराठीत ‘पर्यंत’ एकच, इंग्रजीत त्याची कामं दोघांत वाटलेली.

काम एकदाच होऊन संपणार असेल तर ‘बाय’. ‘सेंड इट बाय फ्रायडे’ म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारी. आधी पाठवलं तरी चालेल. तोवर काहीतरी सलग चालू राहणार असेल तर ‘टिल’: ‘आय ॲम हिअर टिल फ्रायडे’. ‘सेंड इट टिल फ्रायडे’ म्हणालात, तर शुक्रवार येईतो पाठवतच राहा, असं काहीतरी विचित्र ऐकू जातं.

शंका आली की ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ बसवून बघा. बसलं तर ‘बाय’. नकारातही हीच कसोटी लावा: ‘डोन्ट ओपन इट टिल फ्रायडे’, कारण न उघडणं तोवर चालूच असतं.

आकड्यांतही एक खाच आहे. ५० चे ६० झाले तर ‘इन्क्रीज्ड बाय १०’, पण ‘इन्क्रीज्ड टु ६०’.