हँडहेल्ड गेमिंग कन्सोलच्या स्क्रीन एकमेकींशी कशा ताडून पाहाव्यात

दोन हँडहेल्ड शेजारी ठेवले, एकच गेम लावला, की नजर आपोआप जास्त उजळ स्क्रीनकडे जाते. मग तिचे रंगही चांगले वाटतात, चित्रही ठसठशीत वाटते, आणि निकाल तिथेच लागतो. प्रत्यक्षात फरक पॅनलचा नसून ब्राइटनेसच्या पट्टीचा असू शकतो. म्हणून कुठलीही तुलना करण्याआधी दोन्ही पडद्यांचा उजेड सारखा करायचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते वगळले तर पुढच्या एकाही चाचणीला अर्थ उरत नाही.

आधी सगळी मदत बंद करा

ऑटो ब्राइटनेस, नाइट मोड, एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला फरक वाढवणारा मोड), बॅटरी सेव्हर आणि रंग गडद करणारे सगळे मोड बंद करा. निन्टेन्डो स्विच ओएलईडीमध्ये ‘व्हिव्हिड’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन रंगमोड आहेत. तुलनेसाठी ‘स्टँडर्ड’ ठेवा. दोन्ही यंत्रे चार्जरवर तरी ठेवा किंवा दोन्ही बॅटरीवर, कारण काही यंत्रे चार्जर काढताच ब्राइटनेस किंवा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे होतो तो आकडा, हर्ट्झमध्ये) उतरवतात. काच मऊ कापडाने पुसा आणि दहा-पंधरा मिनिटे स्क्रीन चालू राहू द्या. थंड एलसीडी (मागच्या दिव्याने उजळणारा पडदा) संथ चालते, त्यामुळे लगेच मोजल्यास तिच्यावर अन्याय होतो.

उजेड सारखा करणे

फोनवर लक्स मोजणारे कुठलेही साधे अ‍ॅप घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर मधोमध पांढरा चौकोन असलेले चित्र दोन्ही पडद्यांवर लावा. चौकोनाने पडद्याचा साधारण पाव भाग व्यापावा. पूर्ण पांढरे चित्र नको, कारण काही ओएलईडी पॅनल (ज्यांत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) सगळीकडे पांढरे आले की स्वतःहून मंद होतात. खोलीत अंधार करा. फोनचा प्रकाश सेन्सर बहुधा वरच्या कडेला, कानाच्या स्पीकरजवळ असतो. तो भाग अलगद चौकोनाच्या मध्यावर टेकवा आणि आकडा वाचा. दुसऱ्या यंत्राचा ब्राइटनेस तोच आकडा येईपर्यंत हलवा.

सेन्सर टेकवूनच मोजायचे. पाच-दहा सेंटिमीटर दूर धरला तर मोठ्या स्क्रीनचा जास्त प्रकाश त्यात शिरतो आणि मोठी स्क्रीन उगाच उजळ ठरते. फोनचा आकडा खरा लक्स असेलच असे नाही, पण दोन्हीकडे तोच सेन्सर वापरल्याने जुळवणीपुरता तो पुरतो.

जाहिरातीतल्या निट्सबद्दल, म्हणजे पडद्याच्या उजेडाच्या एककाबद्दल, एक सांगायला हवे. डोळा उजेडातला फरक आकड्यांच्या प्रमाणात पाहत नाही. ४०० आणि ५०० निट्समधला फरक शेजारी ठेवल्याशिवाय फारसा कळत नाही. स्टीम डेकच्या जुन्या एलसीडीचे ४०० निट्स आणि २०२३ च्या ओएलईडीचे ६०० निट्स यांतला फरक मात्र खिडकीशेजारी बसल्यावर नक्की जाणवतो. त्याच ओएलईडीचा १००० निट्सचा आकडा एचडीआर चित्रातल्या ठिणग्या, दिवे, सूर्य अशा उजळ जागांपुरता आहे. साध्या गेममध्ये तो दिसणार नाही.

काळा आणि राखाडी

आता पूर्ण काळे चित्र लावा आणि अंधारातच बघा. ओएलईडीवर पडदा कुठे संपतो तेही कळणार नाही. एलसीडीवर करडा उजेड दिसेल, कारण मागचा बॅकलाइट सतत जळत असतो. कोपऱ्यात पिवळट किंवा पांढरट डाग दिसला तर यंत्र हळूहळू तिरके करा. डाग सरकला, फिका झाला, तर ती आयपीएस पॅनलची (एलसीडीचा एक प्रकार) जन्मजात झळाळी आहे. कसेही धरले तरी डाग जागचा हलला नाही, तर तो बॅकलाइटची गळती आहे, म्हणजे पॅनल फ्रेममध्ये नीट बसलेले नाही. पहिल्या दोषाची तक्रार करून काही होणार नाही. दुसऱ्यासाठी यंत्र बदलून मागता येते.

ओएलईडीची खरी परीक्षा काळ्यावर नसून अगदी गडद राखाडीवर असते. पाच टक्के राखाडी चित्र लावा, ब्राइटनेस एक तृतीयांशावर आणा. मळकट कापडासारखी जाळी किंवा उभे-आडवे पट्टे दिसले, तर शेजारशेजारच्या पिक्सेलना सारखा प्रवाह मिळत नाही असे समजा. थोडी जाळी जवळपास प्रत्येक ओएलईडीवर असते. धुक्याच्या किंवा गुहेच्या प्रसंगात ती नेहमीच्या अंतरावरून दिसत असेल, तरच तो दोष धरा.

हालचाल: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

गेम म्हणजे हालचाल, आणि स्पेसिफिकेशनचा कागद सर्वांत कमी सांगतो तो याच बाबतीत. फोनचा २४० फ्रेमचा स्लो-मोशन कॅमेरा इथे उपयोगी पडतो. बाजूने सरकणारा गेम लावा आणि पार्श्वभूमीतली एखादी ठळक उभी कड, खांब किंवा दाराची चौकट, पडद्यावरून सरकू द्या. व्हिडिओचा एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र चार फ्रेम टिकते. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. ओएलईडीवर जुनी कड एका फ्रेममध्ये जाते आणि नवी तिची जागा घेते. संथ एलसीडीवर चारपैकी दोन-तीन फ्रेममध्ये जुन्या कडेची सावली रेंगाळताना दिसते. हीच सावली डोळ्यांना शेपटासारखी भासते.

मात्र ओएलईडी घेतली की धूसरपणा संपला, असे नाही. पडदा प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत स्थिर धरून ठेवतो आणि डोळा मात्र सलग सरकत राहतो. त्यातून धूसरपणा येतोच. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल पुसट होते, ९० वर साधारण ११, आणि १२० वर ८. यंत्राची चिप तितके फ्रेम देत असेल तरच हे आकडे लागू होतात. १२० हर्ट्झच्या पॅनलवर ४० फ्रेमने चालणारा गेम ४० फ्रेमचाच दिसतो.

म्हणून रिफ्रेश रेट बघताना भागाकार करा. जड गेम हँडहेल्डवर बहुधा ३० ते ६० फ्रेमच्या मध्ये चालतात. ४० फ्रेमला एक चित्र २५ मिलिसेकंद टिकते; ३० च्या ३३.३ आणि ६० च्या १६.७ यांच्या बरोबर मध्ये. म्हणूनच ४० इतके सुखद वाटते. १२० हर्ट्झवर ४० बरोबर बसते, कारण प्रत्येक चित्र तीनदा दाखवता येते. ६० हर्ट्झवर ते बसत नाही: काही चित्रे एकदा, काही दोनदा दिसतात आणि सरकणारे दृश्य अडखळते. स्टीम डेकच्या एलसीडीत पडदाच ४० हर्ट्झवर आणता येतो, ओएलईडीत ९० हर्ट्झवर ४५ फ्रेम ठेवता येतात. लेनोवोच्या पहिल्या लीजन गो हँडहेल्डच्या १४४ हर्ट्झवर ४८ आणि ७२ जमतात.

व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) असलेल्या पडद्यावर, उदाहरणार्थ २०२३ च्या आरओजी ॲलाय या हँडहेल्डवर, हा हिशेब बराचसा सुटतो, कारण पडदाच गेमची वाट पाहतो. तरी व्हीआरआर किती हर्ट्झपासून सुरू होते ते तपासा. गेम त्या सीमेखाली गेला की ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून काम चालवतो. सीमेवर खाली-वर होत राहिला तर गडद दृश्यांत उजेड थरथरतो. ते पाहायचे असेल तर अंधाऱ्या ठिकाणी उभे राहून फ्रेमची मर्यादा मुद्दाम ४५ आणि ५० यांच्यामध्ये हलवून बघा.

इंच, पिक्सेल आणि चिपचा दम

पिक्सेलची दाटी काढायला रुंदीचा आणि उंचीचा वर्ग करून बेरीज करा, तिचे वर्गमूळ घ्या आणि कर्णाच्या इंचांनी भागा. स्टीम डेक ओएलईडीचे १२८० × ८०० पिक्सेल ७.४ इंचात म्हणजे इंचाला सुमारे २०४. आरओजी ॲलायचे १९२० × १०८० पिक्सेल ७ इंचात म्हणजे ३१५. स्विच २ चे तेवढेच पिक्सेल ७.९ इंचात म्हणजे २७९. निरोगी डोळ्याला ४० सेंटिमीटरवरून इंचाला साधारण २२० च्या पुढे वेगळे पिक्सेल दिसत नाहीत, ३० सेंटिमीटरवरून २९० च्या पुढे. तुम्ही यंत्र किती अंतरावर धरता ते टेपने एकदा मोजा, मग हे आकडे तुमच्या उपयोगाचे होतील.

जास्त पिक्सेल भरण्याचे काम चिपला करावे लागते. १९२० × १०८० म्हणजे १२८० × ८०० च्या दुप्पट काम, आणि २५६० × १६०० म्हणजे चौपट. चिप दमली की तुम्ही रेझोल्यूशन उतरवता, आणि तेव्हा भागाकार पुन्हा आडवा येतो. २५६० × १६०० वरून १२८० × ८०० केले तर एका पिक्सेलच्या जागी बरोबर चार बसतात आणि चित्र नीटस राहते. १०८० वरून ७२० केले तर दीडपट होते, अर्धा पिक्सेल कुठे टाकायचा हे कुणालाच ठरवता येत नाही, म्हणून अक्षरे पुसट होतात.

जुन्या गेमसाठी तर हाच मुख्य निकष आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे चित्र २४० × १६० होते. ७२० × ४८० च्या पडद्यावर ते तिप्पट होऊन काठोकाठ बसते. १२८० × ८०० वर पाचपट होऊन उंची पूर्ण भरते, बाजूला फक्त ४०-४० पिक्सेल काळे राहतात. ६४० × ४८० वर मात्र ते दुप्पटच नीट बसते आणि भोवती जाड काळी चौकट उरते. ताणून पडदा भरला तर काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात. चालणाऱ्या पात्राचे डोळे पावलागणिक लहानमोठे होताना दिसतात.

रंग, लुकलुक आणि काच

रंगांसाठी फार उपकरणे नकोत. माणसाच्या त्वचेचा फोटो दोन्हीकडे लावा. चेहरा टोमॅटोसारखा लाल दिसला तर रुंद रंगक्षमतेचे पॅनल साधे चित्र ताणून दाखवत आहे. मेलेला, राखाडी दिसला तर पॅनलची रंगक्षमताच तोकडी आहे. पहिले सेटिंगने सुधारते, दुसरे सुधारत नाही.

डोकेदुखीची सवय असेल तर लुकलुक नक्की तपासा. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणा, फोनच्या कॅमेऱ्याचा शटर हाताने १/२००० वर ठेवा आणि पांढऱ्या पडद्याकडे धरा. जाड, गडद, एकामागोमाग पट्टे दिसले तर पडदा वेगाने चालू-बंद होऊन मंद होतो आहे. ओएलईडीवर एखादीच बारीक रेघ फिरताना दिसली तर ती चित्र नवे होण्याची खूण आहे, तिची काळजी नको.

काचेसाठी स्क्रीन जवळजवळ आडवी धरून कडेने पाहा. चित्र काचेलाच चिकटल्यासारखे दिसले तर पॅनल लॅमिनेटेड आहे. आत खोल वाटले तर मध्ये हवेची फट आहे. तिथे प्रतिबिंबे दुप्पट होतात आणि कालांतराने धूळ शिरू शकते. खरवडलेली मॅट काच दिव्याचे प्रतिबिंब पसरवते, पण उन्हात काळा रंग दुधट करते. अंधारात खेळणाऱ्याला साधी चकचकीत काचच बरी.

बॅटरीचा दोष स्क्रीनला देण्याआधी

एलसीडी कोणत्याही चित्राला जवळपास सारखीच वीज खाते. ओएलईडी गडद चित्राला कमी आणि पांढऱ्या मेन्यूला भरपूर. म्हणून एकाच गेमचा एकच प्रसंग, सारखाच उजेड आणि वाय-फाय बंद ठेवून, यंत्राच्या कामगिरी दाखवणाऱ्या पट्टीतले वॉट (वीजवापर) वाचा; तास मोजू नका. स्टीम डेक ओएलईडी जास्त टिकते यात पॅनलइतकाच ४० ऐवजी ५० वॉट-तासांच्या बॅटरीचा आणि लहान केलेल्या चिपचा हात आहे.

नाव एक, पॅनल वेगळे

जुने यंत्र घेताना नावावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक वाचा. पीएस व्हिटाच्या पहिल्या पीसीएच-१००० मालिकेत ५ इंची ओएलईडी होती, २०१३ च्या पीसीएच-२००० मध्ये एलसीडी आली. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीच्या एजीएस-००१ वर पडद्याला समोरून उजेड मिळतो आणि रंग धुतल्यासारखे दिसतात. एजीएस-१०१ ला खरा बॅकलाइट आहे. मागचे लेबल बदललेले असू शकते, म्हणून ब्राइटनेसचे बटण दाबून पाहा: ००१ वर दिवा चालू-बंद होतो, १०१ वर तो मंद आणि प्रखर या दोन पातळ्यांत बदलतो. न्यू निन्टेन्डो थ्रीडीएसमध्ये तर एकाच मॉडेलमध्ये कधी आयपीएस, कधी टीएन (एलसीडीचा दुसरा प्रकार) पॅनल निघते. पडदा खालून-वरून तिरका पाहा. रंग उलटे किंवा फिके पडले तर ते टीएन आहे.

वापरलेली ओएलईडी घेत असाल तर पूर्ण पांढरे, मग पूर्ण लाल, हिरवे आणि निळे चित्र लावून कोपरे बघा. आयुष्याची पट्टी, नकाशा, गोळ्यांचा आकडा यांची फिकट छाप तिथेच उमटलेली असते. निळ्या चित्रावर जास्त वेळ थांबा, कारण निळे पिक्सेल सर्वांत लवकर झिजतात.