दहा दिवस आधी बांध फोडा, मगच विळा लावा

सध्या बाजाराच्या दिवशी, एसटीत, सोसायटीच्या ओट्यावर एकच विचारपूस चालू आहे: तुमच्याकडं कुठवर आलं? टोकावडे-धसईकडच्या माळावरचा हळवा (लवकर पिकणारा) भात कापून, झोडून घरात आला आहे. किन्हवली-डोळखांबला निमगरव्याची (मध्यम मुदतीच्या भाताची) कापणी मध्यावर आहे. पडघा-अनगावकडचा गरवा (उशिरा पिकणारा) अजून उभा आहे आणि लोंब्या वाकायला लागल्या आहेत. कुणाचं पडलं, कुणाचं पिवळं झालं, मजुरी किती गेली, मळणी यंत्र कधी येणार, सगळं विचारून होतं. पण भात घरात येणार की चिखलात राहणार हे ज्यावर ठरतं, ते कुणीच कुणाला विचारत नाही. खाचरातलं पाणी काढलंत का?

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, ठाणे जिल्ह्यातल्या या पाचही तालुक्यांत दरवर्षी भात वाया जाताना बघतो. पाऊस आला म्हणून गेलं, असंच सगळे सांगतात. पाऊस तर शेजाऱ्याच्या खाचरातही तेवढाच पडलेला असतो. ज्यानं कापणीच्या दहा दिवस आधी बांधाला तोंड पाडलं, त्याच्या शेतातलं पाणी दोन तासांत उतरतं. ज्यानं पाडलं नाही, त्याचे कडपे (कापून पसरलेलं भात) तिसऱ्या दिवशीही पाण्यात असतात.

असा भिजलेला कडपा एकदा उचलून बघा. वरून पेंढा सोनेरी, सुकल्यासारखा दिसतो. पालथा केला की खालच्या लोंब्या काळपट, आंबूस वासाच्या, आणि दाण्यादाण्यातून पांढऱ्या मुळ्या निघून चिखलात रुतलेल्या. ओढला तर मातीसकट उचकटून येतो. हे व्हायला फक्त तीन दिवस लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच जातींच्या दाण्याला पिकल्यावर विश्रांतीचा काळ फारसा नसतो. ओल आणि ऊब मिळाली की दाणा रुजतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ऊब भरपूर असते. रुजलेला दाणा गिरणीत टिकत नाही, बियाण्याला चालत नाही, खरेदी केंद्रावर घेत नाहीत, आणि तो कुजका पेंढा गुरंही तोंडात धरत नाहीत.

पाणी नेमकं कधी काढायचं? पीक पूर्ण निसवल्यापासून (सगळ्या लोंब्या बाहेर पडल्यापासून) साधारण ३० दिवसांनी भात कापणीला येतं. म्हणजे निसवल्यावर २० दिवस मोजा आणि पाणी सोडा. तारीख लिहून ठेवली नसेल तर लोंबी बघा. लोंबी शेंड्याकडून पिकत खाली येते. अर्ध्याहून जास्त दाणे पिवळे झाले आणि लोंबी वाकली, की बांध फोडायची वेळ झाली. त्याआधी घाई करू नका. दाणा चिकात (आत दुधाळ) असताना पाणी तोडलं तर पोचट राहतो. भारी, काळ्या मातीत पूर्ण दहा दिवस द्या, मुरमाड वरकस उतारावर सात पुरतात. पाय ठेवला तर टाच रुतू नये, एवढी जमीन आवळलेली हवी.

नुसतं एका जागी तोंड पाडून भागत नाही, हेही पुष्कळदा पाहिलं आहे. खाचराचा मधला भाग खोलगट असतो आणि पाणी तिथं बसून राहतं. बांधाच्या आतून कुदळीनं वीतभर खोल चर काढा, खोलगट भागातून एक आडवी चरी त्याला जोडा, आणि तोंड सगळ्यात सखल कोपऱ्यात पाडा. एकरभराला दोन माणसांचं सकाळचं काम आहे. ते काम वाचवून पुढं पाण्यातले भारे वाहायला चौपट माणसं लावावी लागतात.

पाणी का काढत नाही, हे विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर शेजारावर येतं. ‘दादा, माझं सोडलं तर खालच्या काकांच्या खाचरात जातं, त्यांचा गरवा अजून चिकात आहे, त्यांना जास्तीचं पाणी नको.’ आणि खालचे काका म्हणतात, ‘तू सांगितलंस का मला कधी?’ उतरणीच्या खाचरांत हे होणारच. वरच्याचा हळवा आणि खालच्याचा गरवा असेल तर बांधाच्या कडेनं एक पाट दोघांनी मिळून काढा, म्हणजे वरचं पाणी खालच्या शेतात न शिरता थेट वहाळाला (ओढ्याला) जाईल. हे बोलणं दसऱ्याच्या आधी झालं पाहिजे. विळा हातात घेतल्यावर झालं तर भांडण होतं.

भिवंडी आणि कल्याणकडे आता आणखी एक अडचण आहे. जुने वहाळ भरावाखाली गेलेत. गोदामं, वजनदार वाहनांचे रस्ते, समृद्धी आणि वडोदरा महामार्गाची कामं, यांमुळे जिथं पाणी कधी थांबत नव्हतं तिथं आता महिनाभर थांबतं. रस्त्याखालची मोरी कुठं आहे ते शोधा आणि चार घरांनी मिळून तिच्या तोंडातला गाळ, प्लास्टिक काढा. मोरीच बुजवली असेल तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, फोटो काढून ठेवा. तोंडी तक्रार कुणाच्याच दप्तरात राहत नाही.

खाडीकडेच्या खारजमिनीत, खारबाव-काल्हेरच्या अंगाला, बांध फोडताना भरती-ओहोटी बघा. पाणी ओहोटीलाच सोडायचं. कोजागिरीच्या उधाणात उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) बंद आहे ना, फळी गळत नाही ना, हे रात्री जाऊन तपासा. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढच्या हंगामाचं रोपही पिवळं पडतं.

आता पावसाचं. हवामान खात्यानं २०२० मध्ये ठरवलेल्या नव्या सरासरीप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर आहे. ती सरासरी आहे, हमी नाही. २०१९ मध्ये २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होतं. आपल्याकडं कापलेला भात पाण्यात होता. २०२० ला ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा तेच. म्हणून दिवाळी संपेपर्यंत पाऊस गेला असं धरून चालू नका. मोबाइलवर हवामानासाठी ‘मेघदूत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही ॲप ठेवा. माझा अंदाज विचाराल तर सकाळी नाणेघाट-माळशेजचे कडे धुतल्यासारखे स्वच्छ आणि जवळ दिसले, हवा कोंदली आणि दुपारी दोनच्या आत डोंगरावर काळे ढग चढले, की संध्याकाळी पाऊस धरावा. त्या दिवशी नवीन कापू नका, कापलेलं आधी उचला. वीज कडाडायला लागली की विळा टाकून खाचरातून बाहेर या. झाडाखाली थांबू नका.

कापणीची वेळ: लोंबीतले शंभरातले ८० ते ९० दाणे पिवळे झाले की कापा. देठाजवळचे चार-पाच हिरवट राहिले तरी चालतील. कोकण कृषी विद्यापीठाची शिफारसही हीच आहे. त्या वेळी दाण्यात २० ते २४ टक्के ओल असते. दाण्याला दात लावला आणि तो दबला नाही, कट्‌कन तुटला, तर उद्यावर ढकलू नका. पूर्ण वाळेपर्यंत उभं ठेवलं तर दाणा गळतो, आणि दिवसा ऊन रात्री दव यानं दाण्याला आत चिरा पडून गिरणीत कणी होते.

कापून खाचरातच दोन-तीन दिवस वाळवायची आपली रीत आहे. जमीन कोरडी आणि आकाश निरभ्र असेल तर खुशाल वाळवा. जमीन ओली असेल तर एक रात्रही नको. कडपे उचलून बांधावर किंवा माळावर न्या, लोंब्या वर येतील असे मांडा, जमलं तर त्याच दिवशी झोडा. पडलेलं भात आधी कापा, उभं नंतर.

कडपे भिजलेच आणि दाणा अजून रुजला नसेल, तर मिठाच्या पाण्याची फवारणी करा. प्रमाण ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम साधं खडेमीठ, १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. लोंब्यांवर चांगलं बसू द्या. रुजणं थांबतं आणि खर्च किलोभर मिठाचा. औषधांचा दुकानदार हे सांगणार नाही, त्याच्याकडं मीठ विकायला नसतं.

दुकानाचा विषय निघालाच आहे. कापणीला दहा दिवस राहिले असताना दाणे भरायचं टॉनिक, फुगवण, पोटॅशची फवारणी घरात आलेली बघतो. दाणा कडक झाल्यावर त्यात काही शिरत नाही. लोंबीवर पिवळे-हिरवे काजळीचे गोळे दिसायला लागल्यावर बुरशीनाशक घेऊ नका. त्या रोगाची फवारणी पीक पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या आधी) असतानाची, आता फक्त पैसे जातील. रोगट लोंब्या बियाण्याच्या भातात येऊ देऊ नका, एवढंच करा.

तुडतुड्यांचं मात्र गंभीर आहे. मध्येच गोल, भाजल्यासारखे चट्टे दिसले तर चूड (भाताचं ठोंब) बाजूला करून बुंध्याशी बघा. चुडाला ५ ते १० तपकिरी तुडतुडे असतील तर उपाय हवा, आणि पहिला उपाय पुन्हा तोच: पाणी काढा. दाट, पाणी साचलेल्या खाचरात ते माजतात. कापणीला अजून तीन आठवडे असतील तर थायामेथॉक्झाम २५ टक्के पाण्यात विरघळणारं दाणेदार, १० लिटर पाण्याला २ ग्रॅम, नोझल बुंध्याकडे धरून. फवारल्यावर १४ दिवस कापणी नाही. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के ऑक्टोबरात सर्रास दिलं जातं. त्याचा भातावरचा प्रतीक्षा काळ (फवारणीपासून कापणीपर्यंतचा) ४० दिवसांचा आहे. एवढे दिवस तुमचं भात उभं राहणार नाही, मग ते विष दाण्यासकट ताटात येतं. सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातली औषधं तर नकोच, त्यांनी तुडतुडे उलट वाढतात. चट्टा पडलेल्या जागी पीक ८० टक्के पिकलं असेल तर फवारूच नका, कापा.

लष्करी अळी रात्री लोंब्या कुरतडून खाली पाडते, दिवसा चुडात किंवा ढेकळाखाली लपते. चौरस मीटरला ४ ते ५ अळ्या ही धोक्याची पातळी. खाचरात पाणी बांधलं की ती वर येते, म्हणून पाणी भरा असा सल्ला मिळतो. कच्च्या पिकाला तो बरोबर आहे. पिकलेल्या भाताला तो ऐकू नका, एका अळीसाठी सगळं खाचर पुन्हा चिखलात जाईल. पीक तयार असेल तर त्याच दिवशी कापणी हाच तिच्यावरचा उपाय.

बाकीची कामं:

– विळा जमिनीलगत लावा (वैभव विळा चांगला). खोडकिड्याच्या अळ्या धसकटात राहतात.
– भारे उचलताना आधी काठीनं हलवा, खाली साप असतो.
– जातीजातीचं भात वेगळं झोडा.
– खळ्यावर दोन-तीन बोटांचा थर, अर्ध्या तासानं पाय फिरवा, दवाच्या आधी झाका.
– साठवणीला ओल १४ टक्के, बियाण्याला १२.
– बियाणं न भिजलेल्या खाचरातलंच.
– कणग्या, पोती उन्हात तापवून घ्या, भिंतीपासून हातभर लांब, खाली लाकडी फळ्या.
– पेंढा कोरडा झाल्याशिवाय उडवी रचू नका.
– वाल, हरभरा लगेच पेरा, अंगची ओल आहे तोवर.

विक्रीची घाई करणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. २२ टक्के ओलीचं १०० किलो भात १७ टक्क्यांवर आलं की साधारण ९४ किलो भरतं. खळ्यावरचा व्यापारी ओलं आहे म्हणून याहून किती तरी जास्त कापतो. शहापूर-मुरबाडला आदिवासी विकास महामंडळाची आधारभूत खरेदी केंद्रं असतात. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव साधारण भाताला २,३६९ आणि ‘अ’ दर्जाला २,३८९ रुपये क्विंटल होता, आणि ओलीची मर्यादा १७ टक्के. नोंदणीसाठी सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक लागतं. ई-पीक पाहणी राहिली असेल तर आधी ती बघा. पाण्यातून काढलेलं भात १७ टक्क्यांवर आणायला पाच-सहा कडक उन्हं लागतात आणि तरी रंग जातो. वेळेत पाणी काढलेल्या खाचरातलं दोन उन्हांत येतं.

विम्याच्या भरवशावर कापलेलं भात शेतात ठेवू नका. पूर्वी कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत भिजलेल्या पिकाची ७२ तासांत खबर दिली तर दावा करता येत असे. २०२५ च्या खरिपापासून राज्याच्या योजनेत तो भाग वगळला गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या (निवडक शेतं कापून मोजलेल्या) उत्पादनावर आली. तुमच्या हंगामात नियम काय आहे ते कृषी सहायकाला विचारून घ्या. नुकसान झालंच तर भात उचलायच्या आधी बांधासकट फोटो काढा आणि तलाठी-कृषी सहायकाकडून पंचनाम्याची मागणी लेखी करा.

ज्यांचा सुवर्णा किंवा दुसरा गरवा अजून हिरवा-पिवळा आहे, त्यांच्या हातात वेळ आहे. उद्या सकाळी कुदळ घेऊन सखल कोपरा बघा, पाट कुठून जाईल ते ठरवा, आणि खालच्या शेतवाल्याला बोलावून दाखवा. लोंबी अर्धी पिवळी झाली की त्याच दिवशी तोंड पाडा.