भागाकार शिकवताना आधी वाटणी, मग शब्द आणि सगळ्यात शेवटी उभी मांडणी

फळ्यावर ९६ ÷ ४ लिहिलं की चौथीतली अर्धी लेकरं मान खाली घालतात, हे मी दरवर्षी बघते. आणि हीच लेकरं मधल्या सुट्टीत चिक्कीचं एक पाकीट चौघांत इतकं बरोबर वाटून घेतात की एकाचीही तक्रार येत नाही. म्हणजे वाटणी त्यांना येतेच, आपण वहीत जे मांडतो त्याचा त्या वाटणीशी काय संबंध आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिसरी चौथी दोन्ही वर्ग माझ्याकडं असतात, आणि करून करून जे जमलं ते इथं लिहितेय, नवीन शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडलांना उपयोगी पडेल.

सुरुवात चिंचोक्यांपासून करा. पैसे लागत नाहीत आणि आपल्याकडं चिंचेच्या झाडांना तोटा नाही. तीन लेकरं पुढं बोलवा, बारा चिंचोके हातात द्या आणि म्हणा, तिघांत सारखे वाटा. ते एक तुला एक तुला करत वाटतात, प्रत्येकाला चार येतात. आता तेच बारा चिंचोके परत गोळा करा आणि म्हणा, तीन तीनचे ढीग लावा, किती ढीग झाले? चार. गणित दोन्ही वेळेला १२ ÷ ३ च आहे, उत्तरही चारच, पण पहिल्या वेळेला चार म्हणजे चिंचोके आणि दुसऱ्या वेळेला चार म्हणजे ढीग. हा फरक लेकरांच्या डोक्यात पक्का बसल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण शाब्दिक उदाहरणात पोरं अडकतात ती बहुतेक इथंच. पहिल्याला मी 'वाटणी' म्हणते आणि दुसऱ्याला 'ढीग', आणि कुणी नुसतं "चार" म्हणालं की लगेच विचारते, चार काय? वर्षभर विचारते, कंटाळा न करता.

आमच्या शाळेतली बरीच लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या आसपास गेलेली ती होळी पाडव्याच्या सुमारास परत येतात, तोवर वर्गात भागाकार होऊन गेलेला असतो. अशाच एका पोराला मी चिंचोके दिले तर त्याला ढीग लगेच कळले पण वाटणीत तो गोंधळला. मग लक्षात आलं की त्यानं कारखान्याच्या फडात मोळ्या बांधताना बघितल्यात, एका मोळीत इतके ऊस मग एवढ्या उसाच्या मोळ्या किती, हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं होतं. मग त्याला मोळीवरूनच शिकवलं, साठ ऊस, बाराची मोळी, किती मोळ्या. लेकराला काय माहीत आहे ते आधी विचारा आणि तिथून सुरू करा, कुणाला मोळी, कुणाला मोसंबीची पेटी, कुणाला केळीचा डझन.

आता शब्दांचं. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे चार शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका. आठ दहा दिवस नुसतं वाटू द्या, तोंडानं सांगू द्या, मग शब्द द्या. भाजक म्हणल्यावर माझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं होतं, "मॅडम, भाकरी भाजणारा का?" तिचं काही चुकलं नव्हतं, तिच्या कानाला तेच ऐकू येणार. मी तिला पूजा या शब्दावरून सांगितलं, पूजक म्हणजे पूजा करणारा आणि पूज्य म्हणजे ज्याची पूजा करायची तो. तसंच भाजक म्हणजे भागणारा, आणि भाज्य म्हणजे ज्याचे भाग पाडायचे ते. मग लेकरांनी आपणहून वाचक, लेखक, चालक काढले, क लागला की तो करणारा. त्या दिवसानंतर या दोन शब्दांत गोंधळ फार कमी झाला.

दुसरी युक्ती 'ला' आणि 'ने' ची. "१२ ला ३ ने भागा." ज्याला 'ला' लागला तो भाज्य, ज्याला 'ने' लागला तो भाजक. साधी वाटते पण लै कामाची आहे, कारण लेकरं कुठला आकडा आधी आला ते बघतात आणि पुस्तकात कधी "३ ने १२ ला भागा" असंही येतं, मग पोरगं ३ ÷ १२ लिहून बसतं. म्हणून दोन्ही प्रकारची वाक्यं तोंडी द्या, उलटसुलट द्या, आणि आधी उत्तर विचारू नका, फक्त भाज्य कोणता ते विचारा. पाच मिनिटं रोज.

भागाकार या शब्दाचा एक वेगळाच घोळ आहे. करायची क्रिया पण भागाकार आणि आलेलं उत्तर पण भागाकार. बेरजेचंही तसंच आहे म्हणा, पण तिथं अडत नाही, इथं बाकी पण येते म्हणून "भागाकार किती?" विचारलं की पोरं कधी बाकी सांगतात कधी दोन्ही. मी सुरुवातीला "प्रत्येकाला किती आले" किंवा "ढीग किती झाले" असंच विचारते आणि नंतर सांगते की याचंच नाव भागाकार.

बाकी हा शब्द तर गावात वेगळ्याच अर्थानं चालतो. दुकानात बाकी आहे म्हणजे उधारी, द्यायचे पैसे. लेकरू ते घरी ऐकतं आणि वर्गात त्याला वाटतं बाकी म्हणजे कुणालातरी द्यायची राहिली. सरळ सांगून टाका की दुकानातली बाकी म्हणजे द्यायचं राहिलेलं आणि गणितातली बाकी म्हणजे वाटून उरलेलं, दोन्हीत काहीतरी मागं राहतं. आणि काहीच उरलं नाही तर निःशेष भाग गेला, शेष म्हणजे उरलेलं, निः म्हणजे नाही.

÷ हे चिन्ह कुठून आलं असं एखादं हुशार लेकरू विचारतंच. १६५९ मध्ये योहान रान नावाच्या स्विस गणितज्ञानं आपल्या छापील पुस्तकात भागाकारासाठी ते वापरलं. मी पोरांना म्हणते मधल्या आडव्या रेघेच्या वर एक टिंब आणि खाली एक टिंब आहे ना, वरच्या टिंबाच्या जागी भाज्य ठेवा आणि खालच्याच्या जागी भाजक, अपूर्णांक तयार. पाचवीत अपूर्णांक आले की याचा उपयोग होतो.

पाढ्यांबद्दल थोडक्यात सांगते. पाढे पाठ पाहिजेतच, पण सरळ पाठ असून भागत नाही, उलटे विचारावे लागतात. सात चोक अठ्ठावीस म्हणणाऱ्या लेकराला विचारा, अठ्ठावीसमध्ये सात किती वेळा? अठ्ठावीसमध्ये चार किती वेळा? आणि आकड्यांच्या नावाकडं पण लक्ष द्या, एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी लेकरं चौथीत पण असतात, आणि भागाकार चुकला म्हणून आपण रागावतो तेव्हा चूक ऐकून लिहिण्यातच झालेली असते.

आता उभी मांडणी, जिथं सगळ्यांचं घोडं अडतं. "भागा, गुणा, वजा करा, वरचा अंक खाली घ्या" हे पाठ करून घेतलं की महिनाभर चालतं आणि मग सुट्टीनंतर सगळं पुसलं जातं. त्याऐवजी कागदाच्या दहा दहाच्या नोटा आणि एक एक रुपयाची नाणी करा. ९६ रुपये म्हणजे नऊ नोटा आणि सहा नाणी, चौघांत वाटायचे. नोटा आधी वाटा, प्रत्येकाला दोन गेल्या, आठ संपल्या, एक उरली. ती एक नोट चौघांत फाडता येत नाही, मग काय करायचं? पोरं स्वतःच सांगतात, "सुट्टे करा." दहा नाणी आली, आधीची सहा, सोळा झाली, प्रत्येकाला चार. म्हणजे चोवीस. आता हेच करता करता शेजारी फळ्यावर लिहीत जा. दशकाच्या वर २, त्याखाली ८ वजा, उरला १, शेजारी ६ उतरवला, १६. "वरचा अंक खाली घ्या" म्हणजे खरं तर सुट्टे करून नाण्यांत मिसळले, हे लेकरांनी हातानं केलेलं असलं की विसरत नाहीत.

बेरीज वजाबाकी गुणाकार सगळं उजवीकडून करतो मग भागाकारच डावीकडून का, असं विचारलं तर सांगून टाकू नका, करून बघायला लावा. आधी नाणी वाटा म्हणा. सहा नाणी, प्रत्येकी एक, दोन उरली. मग नोटा वाटल्या, एक उरली, सुट्टे केले, दहा आणि दोन बारा, परत नाणी वाटायला बसावं लागलं. उत्तर तेच चोवीस, पण नाणी दोनदा वाटली. मोठ्यापासून सुरू केलं की एकदाच काम होतं, हे कारण लेकरं स्वतःच्या तोंडानं सांगतात.

सगळ्यात जास्त चुका शून्याच्या. ६१२ ला ६ ने भागा, पोरं १२ उत्तर काढतात. शंभराच्या सहा नोटा, प्रत्येकाला एक. दहाची एकच नोट आहे, सहा जणांत एकालाही मिळत नाही, म्हणजे दहाच्या नोटा प्रत्येकाला शून्य, ते शून्य लिहायचंच. मग सुट्टे, बारा नाणी, प्रत्येकी दोन. १०२. म्हणून मी उत्तर भाज्याच्या डोक्यावर, त्या त्या अंकाच्या बरोबर वर लिहायला लावते. उजवीकडं कंसाबाहेर लिहायची जुनी पद्धत बऱ्याच घरी आईवडील शिकवतात, ती चुकीची नाही, पण तिथं शून्य गळालेलं दिसत नाही आणि वर लिहिलं की मोकळी जागा लगेच दिसते. लेकरांना वाचन आणि गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या गणित चाचणीत तीन अंकी संख्येला एक अंकीनं भागणं ही सगळ्यात वरची पायरी असते, तेव्हा अशी शून्याची गणितं भरपूर करून घ्या.

ज्यांचे पाढे कच्चे आहेत त्यांना थांबवून ठेवू नका. १५६ मोसंबी, डझनाच्या पिशव्या भरायच्या. बाराचा पाढा येत नाही? दहा पिशव्या भरल्या तर १२० गेली, उरली ३६. अजून एक पिशवी, २४ उरली, अजून एक, १२, अजून एक, संपली. दहा आणि तीन तेरा. जागा जास्त लागते आणि काही शिक्षकांना हे आवडत नाही, पण लेकराला काय चाललंय ते कळत असतं आणि तेरा पिशव्या आल्याच ना.

बाकीचं काय करायचं हे मात्र दर गणिताला वेगळं विचारावं लागतं, यावर मी दोन तीन तास देते. ३७ ÷ ८, भागाकार ४ बाकी ५. सहलीला ३७ लेकरं, एका जीपमध्ये आठ, जीप किती? चार म्हणलं तर पाच लेकरं शाळेतच राहतील, पाच जीप लागतात. पण ३७ रुपये आहेत आणि वही आठ रुपयांची, तर वह्या चारच येतात, पाच रुपये खिशात राहतात. आकडे तेच, उत्तर वेगळं. आणि नऊ भाकरी चौघांत वाटल्या तर उरलेली एक कुणी टाकून देत नाही, चतकोर चतकोर करतो, सव्वादोन प्रत्येकी. बाकी भाजकापेक्षा लहानच पाहिजे, आठजणांत वाटून नऊ उरले तर अजून एक फेरी होते, हे चिंचोक्यांवर दाखवा. आणि पडताळा रोज: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, भाज्य यायलाच पाहिजे. आठ चोक बत्तीस, अधिक पाच, सदतीस.

शून्यानं भागता येत नाही हे नियम म्हणून सांगण्यापेक्षा पाच चिंचोके द्या आणि शून्य शून्यचे ढीग लावायला सांगा, कितीही ढीग लावले तरी पाच तसेच राहतात. उलट शून्य चिंचोके पाच जणांत वाटले तर प्रत्येकाला शून्य. एवढं पुरे.

शेवटी आमच्या वर्गाचं आवडतं गणित. ३६५ ÷ ७, भागाकार ५२, बाकी १. म्हणजे वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढं सरकते. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन असतं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्याचे वार फळ्यावर लिहा. २०२४ ला मंगळवार, २०२५ ला बुधवार. मग २०२३ चा वार विचारा, सगळी ओरडतात सोमवार. कॅलेंडर उघडून बघितलं तर रविवार. दोन वार का सरकले? हे उत्तर मी देत नाही, एक दिवस तसाच सोडते. गेल्या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाच्या आधीच एक पोरगी पळत आली, घरचं जुनं कॅलेंडर घेऊन, फेब्रुवारीच्या पानावर बोट ठेवून, "मॅडम, ह्या साली एकोणतीस होते, ३६६ ला भागलं मी, बाकी दोन येते."